टेकडी, किनारा आणि एक फुली

"शेवटचं कोण?"

दायामीनं दुकानासमोर येऊन मोठ्यानं विचारलं, आणि समोरच्या भिंतीच्या सावलीत बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. वर केला तो केला, खाली घ्यायचं मात्र विसरली.

"मी," ती म्हणाली. "मी शेवटची."

आमच्याकडची रांग डोळ्यांना दिसत नाही, ती लक्षात ठेवावी लागते. आल्याबरोबर शेवटचं कोण ते विचारायचं, हात वर करील तिचा चेहरा नीट बघून घ्यायचा, आणि मग खुशाल सावलीला जाऊन बसायचं. मागून कुणी आलं आणि विचारलं की आपण हात वर करायचा. एकदा आपलं शेवटचेपण दिलं की दिलं. दोघांना देणं हे मोठं पाप. त्यापेक्षा दुसऱ्याचा नवरा पळवलेला चालेल, लोक चार दिवसांत विसरतात.

तर दायामीनं चेहरा नीट बघून घेतला. आखूड कुरळे केस, कानामागे पेन्सिल खोचावी तसा खोचलेला स्क्रू-ड्रायव्हर, सदऱ्यावर वंगणाचे डाग... आणि एका गालानं हसायची सवय. इतकं नीट बघायची गरज नव्हती खरं तर. चिकनच्या रांगेत एवढं कोण बघतं?

दुपारी चिकनचा ट्रक आला आणि दायामी त्या मुलीच्या मागे जाऊन उभी राहिली. तेवढ्यात एक टकले गृहस्थ पिशवी फडकवत मध्ये घुसले.

"अहो, हिच्या मागे मी आहे!" दायामी म्हणाली.

"हिच्या मागे मी! हिनंच हात वर केला होता मला. विचारा की!"

सगळी रांग वळून त्या मुलीकडे बघायला लागली. ती मान खाजवत म्हणाली, "चुकलं माझं... दोघांनाही दिलं."

अग्गं बाई! काय कालवा उठला म्हणून सांगू. एक म्हातारी तर म्हणाली, असल्यांमुळेच देश रसातळाला चाललाय. शेवटी ती मुलगी दोघांनाही पुढे करून स्वतः अगदी मागे जाऊन उभी राहिली, आणि चिकन संपलं ते बरोबर तिच्या तोंडाशी येऊन.

दायामी निघून गेली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण ती कोपऱ्यावर थांबली.

"काय गं, लहान मूल आहेस का तू? दोघांना शेवटचं देतं का कुणी?"

"त्या टकल्याला आधी दिलं होतं," ती मुलगी म्हणाली. "मग तू आलीस. शेवटचं कोण म्हणालीस... आणि मला वाटलं, आपणच असावं."

दायामी म्हणजे सातवीच्या वर्गाला एका नजरेत गप्प करणारी मास्तरीण, पण आता तिनंच नजर खाली पिशवीत घातली. तिनं पिशवीतून चिकनची एक तंगडी काढून पुढे केली. "घे. उपाशी राहशील."

"तंगडी नको. नाव सांग."

"दायामी."

"मी निउर्का. पंखे दुरुस्त करते. तुझ्याकडे पंखा आहे ना?"

"आहे... पण तो चांगला चालतो."

"असू दे," निउर्का म्हणाली. "बिघडेल की."

आणि काय नवल, त्याच आठवड्यात बिघडला! रशियन वॉशिंग मशीनच्या मोटरवर चालणारा जुना पंखा, दायामीच्या जन्माआधीपासून घरात गरगरणारा. मागचा स्क्रू आपोआप सैल झाला म्हणे. आपोआप! स्वयंपाकघरातली सुरी आपोआप पंख्याजवळ जाऊन पडली होती, तसाच.

निउर्का आली, तेव्हा दायामीची आई एनेदिना दारातच बसली होती, मांडीवर लाल साटिनचा ढीग घेऊन. आता एनेदिनाबद्दल सांगायला हवं. आमचं गाव म्हणजे दोन गावं. वर टेकडी, खाली किनारा. वर्षाचे अकरा महिने आम्ही एकमेकांशी नीट वागतो, पण डिसेंबरात पर्रांदाचा उत्सव आला की युद्ध. दोन्ही बाजूंचे चित्ररथ, दोन्ही बाजूंचे दिव्यांचे मनोरे, रात्रभर दारूकाम. टेकडीचा रंग लाल, किनाऱ्याचा निळा. नवरा टेकडीचा आणि बायको किनाऱ्याची असेल तर बायको तो आठवडा बापाच्या घरी जाऊन राहते. आणि गंमत अशी, की परीक्षक कुणीच नाही. पहाट झाली की दोन्हीकडचे लोक ढोल बडवत "आम्ही जिंकलो" म्हणून नाचतात. त्यामुळे आमच्या गावात आजवर कुणी हरलेलंच नाही. टेकडीच्या रथावरचे सगळे पोशाख एनेदिना शिवायची, आणि ती तर मुळीच हरली नव्हती.

तिनं पाहुणीला कॉफी दिली. भाजलेले वाटाणे दळून घालून वाढवलेली का होईना, पण गरम आणि गोड. निउर्का पंखा उघडून बसली. एनेदिना सहज म्हणाली, "हात चांगला आहे हं तुझा. कुठली गं तू?"

"खालची. किनाऱ्याची. आमच्या मनोऱ्याचे दिवे मीच लावते."

एनेदिना उठली. निउर्काच्या हातातला अर्धा प्यालेला कप तिनं काढून घेतला आणि आत जाऊन मोरीत ओतला.

"आई!"

"पंखा झाला की जाऊ दे तिला," आतून आवाज आला. "आणि तो लाल कपडा झाक आधी. हेर पाठवलाय मेल्यांनी."

निउर्का पोट धरून हसली. दायामीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी हसू आवरेना. त्या दिवसानंतर पंख्याला काय झालं कोण जाणे, दर आठवड्याला बिघडायला लागला.

संध्याकाळी दोघी समुद्राच्या बंधाऱ्यावर बसायच्या. पाय खाली सोडून. लाट आपटली की तुषार उडायचे, ओठांवर मीठ यायचं. पहिल्यांदा निउर्कानं दायामीच्या ओठांवरचं ते मीठ बोटानं पुसलं... आणि बोट तिथंच राहिलं.

"कुणी बघेल," दायामी म्हणाली.

"बघू दे ना. समुद्रच आहे समोर."

"मागे गाव आहे."

"मग मागे बघूच नकोस."

तिनं बघितलं नाही. त्या वेळी नाही बघितलं. इतकं सुख झालं तिला की रडू फुटेल असं वाटलं. पण घरी परतताना ती चार पावलं पुढे चालायची आणि निउर्का चार पावलं मागे, जणू ओळखच नाही.

त्या वर्षी सरकारनं नवा कुटुंब-कायदा आणला होता. सप्टेंबरात साऱ्या देशानं त्यावर हो किंवा नाही असं मत द्यायचं होतं, आणि त्याआधी गल्लोगल्ली सभा भरत होत्या. कायद्यात काय नव्हतं? आजी-आजोबांचे हक्क, मुलांचे हक्क, म्हाताऱ्यांची काळजी. पण जो तो बोलायचा एकाच कलमावर. बाईनं बाईशी आणि पुरुषानं पुरुषाशी लग्न करायचं की नाही? दाढी करताना, बसची वाट बघताना, रांगेत, तेच.

"मला रागच येतो," निउर्का एकदा बंधाऱ्यावर म्हणाली. "तुमचा तो शेजारी रेमिहिओ. तीन लग्नं केली बाबानं. एकदा तरी मला विचारलं? मग माझ्या एका लग्नाला त्याची परवानगी कशाला?"

"पण मतदान तर होणारच आहे."

"होऊ दे. मीही जाऊन हो म्हणणार. पण राग येतो तो येऊ दे की मला!" मग हळूच म्हणाली, "तुमच्या गल्लीतली सभा कधी आहे?"

"शुक्रवारी."

"तू काय बोलणार?"

"निउर्का, मी शिक्षिका आहे. त्या गल्लीतली अर्धी पोरं माझ्या वर्गात आहेत. आणि आई..."

"आईला कळलेलं नाही असं वाटतं तुला? पंखा दर आठवड्याला बिघडतो, आणि आईला कळत नाही?"

"कळणं वेगळं. सांगणं वेगळं."

"हो ना," निउर्का म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता, म्हणून जास्त लागला. "म्हणूनच सांगते. आजपासून मी पंख्यासाठी येणार नाही, राणी. ज्या दिवशी मी कोण ते सांगून बोलावशील, त्या दिवशी येईन. तोवर नको."

आणि ती खरंच आली नाही. दायामीनं पंख्याचा स्क्रू स्वतःच घट्ट केला. पंखा झकास चालायला लागला, आणि दायामी त्याच्यासमोर बसून घामाघूम होऊन रडली.

शुक्रवारी दिवेलागणीला गल्लीत घराघरातून खुर्च्या आल्या. सोराइदा, गल्लीची अध्यक्ष, टेबल टाकून लिहायला बसली. जो बोलेल त्याचं म्हणणं ती लिहून घेणार होती.

रेमिहिओ सगळ्यांत आधी उठला. "माझं म्हणणं साधं आहे. लाईट नाही तर मत नाही! रोज अंधारात बसवतात आणि वर हो म्हणा म्हणतात? मी नाही म्हणणार. मला त्या पोरा-पोरींशी काही देणंघेणं नाही, मला लाईटशी आहे."

एवढं म्हणायचा अवकाश, सगळ्या गल्लीतले दिवे गेले. असा हशा पिकला! सोराइदानं चार्जिंगचा दिवा आणला आणि सभा पुढे चालू.

मग नोएमी उठली. शेजारच्या प्रार्थनाघरात रोज जाणारी, शांत बाई. एनेदिना आजारी होती तेव्हा आठवडाभर हिनंच सूप आणून दिलं होतं. "माझा कुणावर राग नाही," ती म्हणाली. "पण देवानं आदाम आणि हव्वा केली. मी जन्मभर त्यावर विश्वास ठेवला, आता मत देताना तो घरी ठेवून येऊ का?" कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी नाही.

आणि मग एनेदिना उठली. 

"ज्याला जे करायचं ते त्यानं आपल्या घरात, दार लावून करावं," एनेदिना म्हणाली. "मी कुणाच्या दाराला कान लावत नाही. पण कायदा कशाला? नाव लिहायचं कशाला? माझं मत 'नाही'."

पोरीकडे न बघता ती खाली बसली. तेवढ्यात मागून, अंधारातून आवाज आला.

"मला बोलायचंय."

दायामीनं वळून बघितलंच नाही. तिला आवाज पुरे होता.

सोराइदानं दिवा वर धरला. "तू कोण? कुठल्या गल्लीची?"

"निउर्का. खालची."

बस्स! लग्न राहिलं बाजूला.

"किनाऱ्याची टेकडीच्या सभेत?"

"यांना स्वतःची सभा नाही का?"

"गेल्या डिसेंबरात यांचा रथ वळणावर अडकला, तरी म्हणे आम्ही जिंकलो!"

"अडकला नव्हता!" निउर्का ओरडली. "चाक काढलं होतं कुणीतरी!"

"चाक काढायला आम्हाला दुसरे धंदे नाहीत का?"

रेमिहिओ आणि नोएमी, मघापर्यंत आपापल्या वेगळ्या कारणांनी 'नाही' म्हणणारे, आता खांद्याला खांदा लावून किनाऱ्यावर तुटून पडले. सोराइदा टेबल बडवत होती. "नियम आहे! ज्यानं त्यानं आपल्याच गल्लीत बोलायचं! पोरी, खाली जा आणि तिथं बोल!"

निउर्का क्षणभर उभी राहिली. मग तिनं खांदे उडवले आणि वळली. ते वळलेले खांदे दिव्याच्या उजेडात दिसले, आणि दायामीच्या आत काहीतरी तुटलं की जुळलं, तिचं तिलाच कळलं नाही. ती उभी राहिली होती.

"तिला बोलता येत नसेल तर मी बोलते. मी याच गल्लीची. लिही सोराइदा."

गलका थांबला. तिनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"काय लिहू?" सोराइदानं विचारलं. "कलम बदला? काढून टाका?"

"कलम आहे तसं राहू दे. मला... मला या मुलीशी लग्न करायचंय."

मग कोपऱ्यातून एका म्हाताऱ्याचा धसका घेतलेला आवाज आला.

"किनाऱ्यावालीशी?"

आणि सगळी गल्ली हसली. वाईट हसली नाही हो, खरंच, श्वास अडकल्यावर मोकळा होतो तशी हसली. निउर्कानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. फक्त एनेदिना हसली नाही. तिनं आपली खुर्ची उचलली, काखोटीला मारली आणि घरात निघून गेली.

दायामी मागोमाग गेली. आई अंधारातच शिवणाच्या मशीनपाशी बसली होती.

"बोल ना काहीतरी. शिव्या दे."

"मला भाऊ होता," एनेदिना म्हणाली.

"माहीत आहे. अमेरिकेत गेला, तिकडेच वारला."

"का गेला ते तुला माहीत नाही. मी सांगितलं नाही." तिचा आवाज सपाट होता. "रथाचे पोशाख मी त्याच्याकडून शिकले. सुई त्यानं हातात दिली माझ्या. तो असाच होता, तुझ्यासारखा. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं, चाललं होतं. मग एकदा कुठल्याशा कचेरीत त्यानं कागदावर लिहून दिलं, मी असा आहे. देश सोडायला तसं लिहून दिलं की परवानगी मिळायची तेव्हा, तशी माणसं सरकारला इथं नकोच होती. नाव लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी या दारात, याच गल्लीनं, त्याच्यावर अंडी फेकली. मी चौदा वर्षांची. मी आतून खिडकीतून बघत होते. त्याच्या पापण्यांवरून बलक ओघळत होता आणि तो हसायचा प्रयत्न करत होता. तेव्हा नाही कुणी मतदान घेतलं."

"आई..."

"आज म्हणतात लिहा नाव. उद्या वारं फिरलं तर? नाव तर कळलेलं असणार सगळ्यांना. तू आज नाव सांगून आलीस."

"तेव्हा तो एकटा उभा होता दारात," दायामी रडत म्हणाली. "मी एकटी नाहीये गं."

त्यानंतर एनेदिनानं बोलणंच जवळजवळ सोडलं. जेवण वाढायची, "मीठ घे" म्हणायची, संपलं. निउर्का आता पुढच्या दारानं यायची, "नमस्कार काकू" म्हणायची, आणि एनेदिना उठून परसात जायची. उन्हाळा असाच गेला. वर्गातल्या पोरांच्या आयांपैकी दोघींनी दायामीला रस्त्यात मिठी मारली, एकीनं रस्ता बदलला. निउर्का म्हणायची, कायदा झाला की लगेच लग्न करू. दायामी हो म्हणायची, आणि मग विचारायची, "आईशिवाय?" आईला खाली ढकलून उभं केलेलं घर दायामीला नको होतं, आणि निउर्काशिवायचंही नको होतं.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी मायलेकी मतदानाला गेल्या, एकाच रस्त्यानं, रस्त्याच्या दोन कडांनी. शाळेतच मतदान. पेटीच्या दोन्ही बाजूंना, आमच्याकडे असतात तशी, गणवेशातली पोरं पहाऱ्याला उभी होती. दायामीचाच वर्ग. चिठ्ठी आत पडली की सलाम ठोकून ओरडायची, "मत दिलं!" दायामीनं मत दिलं तेव्हा तर शाळा दणाणली. एनेदिना पडद्यामागे बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. चिठ्ठी टाकली आणि पोरीकडे न बघता घरी गेली.

सोमवारी निकाल रेडिओवर सांगितला. कायदा झाला होता.

दायामी तेव्हा किनाऱ्यावर निउर्काच्या घरी होती. पश्चिमेकडे मोठं चक्रीवादळ येत होतं, आमच्याकडेही आभाळ काळंठिक्कर झालेलं, सरीवर सरी कोसळत होत्या. निउर्काचे आजोबा एलपिदिओ खिडक्यांना फळ्या ठोकत होते. निकाल ऐकला आणि निउर्कानं दायामीला उचलून गरगर फिरवलं, दोघी खुर्चीवर आपटल्या. आजोबांनी तोंडातले खिळे हातात घेतले आणि म्हणाले, "आता तरी मला नातसून म्हणून हाक मारू द्या, किती दिवस 'ती मास्तरीणबाई' म्हणू?"

हसता हसता दायामीचे डोळे दाराकडे गेले, आणि ती उठून उभीच राहिली.

उतारावरून लाल पोशाखातली एक बाई खाली येत होती. छत्री कधीच उलटी झाली होती. पाऊस अंगावर घेत, चिखल तुडवत ती सरळ दारात आली. आयुष्यात कधी किनाऱ्याची पायरी न चढलेली एनेदिना!

"काय गं एनेदिना," एलपिदिओ म्हणाले, "वादळात वाट चुकलीस की काय?"

"वाट चुकत नाही मी. मागणी घालायला आलेय." ती धापा टाकत होती. "पण आधी पोरीला एक सांगायचंय. मग हो म्हणायचं की नाही ते ठरवा."

ती दायामीकडे वळली. कित्येक महिन्यांनी तिनं पोरीच्या डोळ्यांत बघितलं.

"मी नाहीवर फुली मारली."

निउर्कानं दायामीचा हात धरला.

"तुझा मामा डोळ्यांसमोर आला आणि माझा हात आपोआप तिकडे गेला. घरी आले, शिवायला बसले, एक टाका धड पडेना. रात्रभर झोप नाही. सारखं वाटत होतं, माझ्याच एका फुलीनं अडलं तर? पोरीचं लग्न आईनंच मोडलं तर? आणि मघाशी रेडिओवर सांगितलं..." तिनं ओल्या बाहीनं तोंडावरचं पाणी पुसलं. "जीव भांड्यात पडला गं माझा. म्हटलं, बरं झालं बाई, माझं कुणी ऐकलं नाही. मी हरले, दायामी. हरले मी, आणि एवढं बरं मला जिंकून कधी वाटलं नव्हतं."

एलपिदिओंच्या हातातला हातोडा खाली पडला. "काय म्हणालीस? टेकडीची एनेदिना काय म्हणाली? पुन्हा म्हण!"

"पुन्हा म्हणणार नाही, म्हाताऱ्या. कान उघडे ठेवायचे होते."

दायामी आईच्या गळ्यात पडली. दोघी मिळून इतक्या रडल्या की पावसाचा आवाज मागे पडला. "नाहीवर फुली मारलीस म्हणून तुला सोडते की काय मी?" दायामी पुटपुटत होती. आणि एनेदिना तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होती, "भीती गेली नाही हं माझी. ती काही मतं मोजून जात नाही. भीत भीतच येईन लग्नाला, पण पुढे बसेन. कुणी दारात आलंच, तर या खेपेला खिडकीत नाही उभी राहणार."

मग तिनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि निउर्काला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पुढे होऊन एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वितीनं माप घेतलं.

"खांदे रुंद आहेत. कापड जास्त लागणार. डिसेंबरात ती माझ्याकडे राहील, तू इकडे, ते आधीच सांगून ठेवते. लढाई ती लढाई. पोशाख लाल."

"निळा, काकू," निउर्का म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती एका गालानं हसत होती.

"लाल!"

"निळा!" आजोबा ओरडले.

एनेदिनानं तिघांकडे एकवार बघितलं, आणि पदर खोचावा तसा ओला झगा कमरेला खोचला.

"पांढरा," ती म्हणाली. "आणि यावर मतदान नाही."